दादाचं वाचन

(शाळा सुटली आहे. रिकाम्या वर्गात मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसलेला दादा, लिफ्टचा मेकॅनिक; हातात नव्या लिफ्टचं इंग्रजी माहितीपुस्तक. समोर त्याची धाकटी बहीण, इथली इंग्रजीची शिक्षिका.)

धाकटी : पुन्हा वाच. घाई कोण करतंय?

दादा : अगं, हे वाक्य आहे की मारुतीचं शेपूट! 'द ब्रेक व्हिच होल्ड्स द केबिन दॅट हॅज स्टॉप्ड बिट्वीन टू फ्लोअर्स...' इथवर येईतो मीच दोन मजल्यांमध्ये अडकतो.

धाकटी : आधीच्या लिफ्टांची पुस्तकं कशी वाचलीस?

दादा : त्यांना पुस्तकं कुठे होती? वस्ताद होते. आता उद्या दहाला साहेबांसमोर हे पान वाचून समजवायचं. नाही जमलं तर नव्या लिफ्टला हात लावायचा नाही, गेटवर बसायचं. बावीस वर्षं काम केल्यावर!

धाकटी : बरं, मला सांग. मोटर उघडलीस की स्क्रू कुठे ठेवतोस?

दादा : ज्या भागाचा, त्याच्याच शेजारी. सगळ्यांचा ढीग केला की संपलंच.

धाकटी : मग हा 'व्हिच' कोणाशेजारी बसलाय?

दादा : ब्रेकच्या.

धाकटी : आणि 'दॅट'?

दादा : केबिनच्या. म्हणजे... जी केबिन दोन मजल्यांमध्ये थांबलीय, तिला जो ब्रेक धरून ठेवतो, तो... थांब, बोलू नकोस.

धाकटी : मी कुठे बोलतेय?

दादा : 'मस्ट नॉट बी रिलीज्ड.' सोडायचा नाही. कोणी? 'बाय दोज हू हॅव नॉट लॉक्ड द मेन स्विच.' ज्यांनी मेन स्विचला कुलूप घातलं नाही, त्यांनी! अगं, हे तर मी हाताखालच्यांना रोज ओरडून सांगतो!

धाकटी : तेच छापलंय.

दादा : एवढंच? हात्तिच्या! आठ दिवस घास गोड लागला नाही मला.

धाकटी : पुढचं वाच.

दादा : 'धिस मस्ट बी डन बाय द पर्सन हू कीप्स द की.' हा 'धिस' मागचं काम दाखवतोय, कुलूप घालायचं. ज्याच्याकडे किल्ली, त्यानंच घालायचं. बरोबर?

धाकटी : शाब्बास! जा आता, साहेबांनाच शिकव.

दादा : सुटलो बाई! ...एक सांगू? हसायचं नाही.

धाकटी : सांग ना.

दादा : तू लहान असताना तुला ते इंग्रजी गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवायचो. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. चित्रं बघून ठोकून द्यायचो. तू इंग्रजी शिकवायला लागलीस तेव्हापासून धास्ती, आज ना उद्या बिंग फुटणार. म्हणून तर तुझ्याकडे यायला पाय उचलत नव्हता.

धाकटी : ते मी चौथीत असतानाच फुटलं, दादा.

दादा : काय सांगतेस! कसं?

धाकटी : स्वतः वाचून बघितलं. तुझ्या गोष्टीतली म्हातारी विमान चालवायची. पुस्तकातली नुसती बाजारात जाते नि परत येते.

दादा : आणि तू बोलली नाहीस?

धाकटी : पुस्तक मिटलं आणि तू कामावरून कधी येतोस, वाट बघत बसले.