बसऱ्यातलं कुडाचं घर

(बसरा. खुरासानच्या मोहिमेची दवंडी पिटून झाली आहे. सैनिकांची सारी वस्ती आपापली घरं उतरवते आहे.)

हुरैस : ...शिडी नीट धर, दीनाग! नवराच पडला तर खुरासानला कोण जाणार?

दीनाग : धरलीय. पण त्या दोऱ्या कशाला सोडतोस?

हुरैस : पहिल्यांदा बघतेस का? मोहीम निघाली की कूड उतरवायचा, बोरूच्या मोळ्या टोळीच्या कोठारात टाकायच्या, परतलो की पुन्हा घर उभं करायचं. वीस वर्षं हेच चाललंय.

दीनाग : वीस वर्षांत सात वेळा. आणि तू येईपर्यंत मी कुठे? तुझ्या चुलतबहिणीच्या घरात, एका कोपऱ्यात. आपली पोर उमामा तिथंच जन्मली.

हुरैस : सैनिकाची बायको आहेस तू.

दीनाग : आहेच. पण मागच्या खेपेला, पाच वर्षांपूर्वी, परतलास तेव्हा तीन दिवस आपली जागा शोधत हिंडत होतास, विसरलास?

हुरैस : तिथं कोणी उंट बांधले होते, मी तरी काय करू? बरं, हा एक थर सुटला. आता... अगं! मागे काहीतरी टणक आहे.

दीनाग : असू दे. तू काढ.

हुरैस : विटा आहेत या!

दीनाग : मातीच्या, उन्हात वाळवलेल्या. तुमचा जन्म तंबूत गेला. आम्ही इराणी पोरी विटा थापतच मोठ्या झालो.

हुरैस : हे कधी केलंस?

दीनाग : दर वसंतात तू उंट चारायला वाळवंटात जातोस ना, तेव्हा. मी आणि माझा भाऊ माहबूद. वर्षाला एक भिंत. आतून चटया लावल्या, बाहेर तुझा बोरू तसाच.

हुरैस : चार वर्षं! आणि मला पत्ता नाही?

दीनाग : घर आखडल्यासारखं वाटतं म्हणालास. मी म्हटलं, तूच सुटलायस.

हुरैस : आणि मी महिनाभर रात्रीची भाकरी सोडली होती, बाई!

दीनाग : बारीक झालास, छान दिसतोस.

हुरैस : हसू नकोस. वस्तीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला. विटा रचल्या म्हणजे माणूस लढाईला कंटाळला, असं म्हणतील.

दीनाग : आधी सगळा कूड काढ.

हुरैस : ...हा काढला.

दीनाग : आता?

हुरैस : घर उभंच आहे.

दीनाग : तू गेलास तरी उभंच राहील. मी तुला अडवत नाही, हुरैस. फक्त दुसऱ्याच्या चुलीपाशी आता मला नाही राहायचं. फार कंटाळले मी.

हुरैस : बोलली नाहीस कधी.

दीनाग : बोलले होते. तू घोड्यावर होतास.

हुरैस : ...सरक जरा. गुडघा दुखतोय. टेकून बसतो. बरं वाटतं गं. कुडाला टेकलं की पाठ टोचते.

अबू सवादा : (टोळीचा म्होरक्या, बाहेरून येत) हुरैस! बाकी सगळ्या टोळीच्या मोळ्या कोठारात आल्या, तुझ्या कुठायत? मला अजून माझाही कूड उतरवायचाय.

हुरैस : या, अबू सवादा. या बघा मोळ्या. न्या खुशाल.

अबू सवादा : आणि हे मागे काय?

हुरैस : माझं घर.

अबू सवादा : म्हणजे तू येत नाहीस?

हुरैस : नाही. सात मोहिमा झाल्या. माझा घोडा पुतण्याला द्या, तो मोहिमेवर जायला कधीचा तळमळतोय.

अबू सवादा : सरकारी तनखा बंद होईल. करशील काय?

हुरैस : मेहुण्याचे खजूर जहाजानं हिंदला जातात. बागेतून बंदरापर्यंत उंटांवर माल न्यायला त्याला जाणता माणूस हवाय. शिवाय जहाज येताना सागवान आणतं. उद्याच जाऊन दारासाठी फळ्या बघतो.

दीनाग : दाराची घाई नाही. चटई आहे की.

हुरैस : चटईला कडी लावता येत नाही, दीनाग.

अबू सवादा : हुरैस, मी साठी ओलांडली. अजून तीन महिन्यांचा रस्ता कापायचाय... वहिनी, अशी एक भिंत उभी करायला किती दिवस लागतात हो?

दीनाग : घरी जाऊन विचारा. तुमच्याकडे दोन झाल्यात.