होडकं जागेवरच आहे

रंगूबाई : होडकं कुठं हाय, मालन?

मालन : आहे की, मावशी. जागेवरच आहे.

रंगूबाई : कुठल्या जागंवर? ओहोटी लागली, काठाला नुसता चिकल. त्या चिकलात मना एक खेकडा दिसतो. होडकं काय दिसत नाय.

मालन : तू खाली बघतेस. जरा वर बघ. त्या करंजाच्या फांदीखाली.

रंगूबाई : ...अगो बाय!

मालन : घाबरू नको, पडत नाही. दोन्ही टोकांना बांधलंय. पाळणाच झालाय अगदी, बाळ तेवढं घालायचं राहिलंय!

रंगूबाई : काल सांजच्याला भर भरतीत ह्याच काठाला तुमच्या हवाली केलं. डोंबिवलीच्या गावात मीठ देऊन बदल्यात भात घेऊन आले, एक रात काय ती नव्हते. तवर होडकं झाडावर चढलं?

मालन : होडकं कुठं चढलं? पाणी उतरलं! ह्यांनी दोर आखूड बांधला ना.

रंगूबाई : कोनी?

मालन : ह्यांनी. तुझ्या जावयांनी. आता माझ्याकडून नाव वदवून घेऊ नकोस.

रंगूबाई : मी मेल्ये! अगो, खाडीत कुनी होडकं आखूड बांधतं? तो खडवलीचा हाय, मान्य. पन खडवलीला बी नदी हाय ना?

मालन : आहे. पण ती एकाच दिशेनं जाते म्हणे. दिवसातून दोनदा मागे फिरणारं पाणी ह्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. बैलाला बांधतात तसं बांधलं. म्हणाले, दावं लांब ठेवलं की जनावर चोरीला जातं. मी म्हटलं, अहो, जनावर नव्हे, होडकं आहे ते. पाणी उतरलं की लटकेल. तर म्हणाले, लटकू दे. सकाळी पाणी परत चढतं ना? मग झालं. चढतं हे तर खरंच!

रंगूबाई : आन् तो खुद्द कुठं हाय?

मालन : ते काय, भाताच्या पेंढ्यावर. घोरणं ऐकू येत नाही? मला वाटलं तू आलीस ती ऐकूनच आलीस.

रंगूबाई : राखनदार झोपला!

मालन : रात्रभर जागे होते गं! डोळ्याला पाणी लावून लावून जागे. पहाटे भरतीचं पाणी चढून अलगद होडक्याला टेकलं, गाठ जशीच्या तशी. ती चाचपून पाहिली आणि मग आडवे झाले. एवढंसं.

रंगूबाई : सूर्य डोईवर आला. यवढंसं?

मालन : बरं, जरा जास्त. पण बाळकुमच्या साऱ्या गावासमोर तू काय म्हणाली होतीस? ‘माझे हात थकले. माझ्या बहिनीच्या जावयानं एक मुक्काम होडकं सांभाळावं. जागंवर सापडलं तर त्याचं, नाय सापडलं तर भाच्याचं, काळुरामचं.’ मग? आहे की नाही जागेवर? चार हात वर आहे, एवढंच.

रंगूबाई : थांब. त्या होडक्याच्या काठाला बोटं कसली दिसतात?

मालन : बोटं होय... ती मी शेवटी सांगणार होते.

रंगूबाई : मालन!

मालन : काळुरामदादाची.

रंगूबाई : काळ्या?

काळुराम : राम राम, मामी.

रंगूबाई : तू वर काय करतस?

काळुराम : काय नाय. बसलोय.

रंगूबाई : बाळकुमला बसायला जागा नव्हती?

काळुराम : मी राखन करायला आलतो, मामी. म्हटला, खडवलीचा मानूस, खाडीच्या चोरांची त्याला काय म्हाईती? आपल्या गेलेल्या मामाचं होडकं. आपला जीव तुटतो.

मालन : तुटतो, तुटतो. रात्रभर त्या तिवरांच्या झुडपांत बसून तुटत होता. तोंड बघ, मावशी, मच्छरांनी पुरणपोळीसारखं फुगवलंय.

काळुराम : ते पूर्वीपास्नं तसंच हाय.

रंगूबाई : राखनीला आलास, तर कोयता कशाला? तो काय चिकलात उभा हाय, मूठ वर करून.

काळुराम : चोर आला तर?

रंगूबाई : आन् पुढचा दोर निम्मा कापलाय तो?

काळुराम : धार बघत होतो.

मालन : मावशी, मी सांगते. मी भाकऱ्यांना पीठ मळत होते, पाठ इकडे; हे सारं मग त्याच्याच तोंडून काढलं. हे निजले, तसा हा पोहत आला आणि होडक्यात चढला. आधी गाठ सोडायला गेला. ह्यांची गाठ ती! बैल ओढेल तेवढी आवळते. हा ओढतोय, ती आवळतेय. हा दातांनी ओढतोय, ती आणखी आवळतेय. शेवटी कोयता काढला. पण तोवर खालचं पाणी निघालं की! होडकं एकदम कललं, कोयता खाली, आणि काळुरामदादा वर. मी मागे वळून बघते तर खाडीतला माणूस आभाळात!

काळुराम : हसू नको, मालन. तुझ्याहून मोठा हाय मी.

मालन : आत्ता तर चांगलाच मोठा दिसतोस. मान वर करून बोलावं लागतंय.

रंगूबाई : उडी मार खाली.

काळुराम : मामी, हा बुडबुड्या चिकल. मागल्या साली शिंग्या बैल गेला तो इथंच. शिंगं तेवढी दिसत होती.

रंगूबाई : मग गप बस. आन् हलू नको. तू कापलेल्या दोरावर तूच बसलायस, ध्यानात हाय ना?

काळुराम : सकाळपास्नं दुसरं काय ध्यानातच नाय.

रंगूबाई : मालन, तू यवढा वेळ काय केलंस गो? नवऱ्याला उठवायचं नाय?

मालन : उठवलं असतं तर त्यांनी पहिली गाठ सोडली असती! भले आहेत ना. कुणी अडकलेलं बघवत नाही त्यांना. मग शिंग्याच्या शिंगांशेजारी काळुरामदादाची शेंडी. म्हणून मी एकटीच पहारा दिला. त्याला एक ओवी म्हणायला लावली, पाढे म्हणायला लावले. बारापर्यंत येतात. तेराला अडतो.

रंगूबाई : काळ्या, खरं बोल आता. तुझी सोताची मोठी होडी हाय. चार गोन्या मीठ जातं तिच्यात. हे होडकं यवढंसं, दोन मानसं बसली तर तिसऱ्यानं श्वास घ्यायचा नाय. काय करनार होतास ह्याचं?

काळुराम : काय नाय.

रंगूबाई : काय नाय म्हनून कुनी रातभर मच्छरांना रगत पाजत नाय.

काळुराम : ...न्हेऊन घरामागं पालथं घालनार होतो. बस. कुनी न्हेऊ नये म्हनून. हे खडवलीला जानार, मामी. तिथं म्हशी धुतील त्याच्यावर उभं राहून. मामानं मना ह्याच्यात बसवून वल्हवायला शिकवला. तवा माझे पाय बुडाला टेकत बी नव्हते. आन् तू सारं गाव बोलावून ते घाटाकडच्या जावयाला... मना इचारलं तरी का?

(रंगूबाई भाताची गोणी उतरवून तिच्यावरच बसते.)

रंगूबाई : नाय इचारलं.

मालन : दादा, आम्ही म्हशी नाही हो धुणार त्यात. आमच्याकडे एकच म्हैस आहे आणि तीसुद्धा माझ्या सासूबाईंशिवाय कुणाला अंगाला हात लावू देत नाही.

काळुराम : नाय धुतल्या तर नाय. पन त्याला ठाव हाय का, की ह्याच्या मागल्या उजव्या अंगाला भोक हाय म्हनून? मीठ भरंल आन् वाटंतच खारं पानी करंल. मामाला ठाव होतं. मामानं चिंधी कोंबली होती.

रंगूबाई : चिंधी. लाल.

काळुराम : लाल होती कवातरी. कुजून गेली. मी वर बसलो तसा उजेड पडला, तवा बघतो तर भोकातनं खालचा खेकडा दिसतो मना.

रंगूबाई : माझ्या लग्नातल्या लुगड्याची होती ती. पदरच फाडला मेल्यानं. मी दोन दिस बोलले नव्हते.

काळुराम : मना काय ठाव?

रंगूबाई : तुना कसं ठाव असंल? तवा तुझे पाय बुडाला टेकत नव्हते.

मालन : मावशी, रडतेस का गं?

रंगूबाई : घाम हाय. ऊन बघ किती. आन् काळ्या, उन्हात उघड्या डोईनं बसलायस? तुझं डोईचं फडकं कुठं गेलं?

काळुराम : पडलं असंल.

मालन : खाली तर नाही पडलं. खाली नुसता कोयता आहे.

रंगूबाई : फडकं कुठं गेलं, काळ्या?

काळुराम : ...भोकात.

रंगूबाई : काय?

काळुराम : बसून बसून हाताला काय काम? कोंबलं भोकात. चांगलं पिळून, बोटांनी ठोसून. आता थेंब नाय यायचा दोन साल.

मालन : अगंबाई! चोरायला आला आणि डागडुजी करून बसला!

काळुराम : राखन करायला आलतो, म्हटला ना.

रंगूबाई : पोटात काय हाय तुझ्या?

काळुराम : काय नाय. कालची आंबील.

रंगूबाई : मालन, काठीला बांधून भाकर दे त्याला वर. सोबत सुक्या मासळीची चटनी दे. आन् पाढे नको इचारू खाताना.

मालन : तेराचा तेवढा एकदा...

रंगूबाई : मालन!

मालन : बरं. घे, दादा. धर. अरे, वाकू नकोस! दोर!

काळुराम : धरली, धरली... मामी, मग होडकं कोनाचं?

रंगूबाई : सारं गाव ऐकत होतं तवा बोलले मी. जागंवर सापडलं, जावयाचं झालं.

काळुराम : झोपला तरी?

रंगूबाई : तो झोपला. त्याची गाठ जागी होती.

काळुराम : हं.

मालन : म्हणजे उठवू ह्यांना? खरंच उठवू? अहो! अहो, ऐकलंत का!

रंगूबाई : उठव. सांग त्याला, होडकं मिळालं. आन् म्हनावं, त्याच्यात एक भाचा बी हाय. होडक्यासंगं तो बी पदरात घ्यावा लागंल. भरती-ओहोटी त्याच्याकडनं शिकायची, आन् ती गाठ त्याला शिकवायची.

मालन : अहो, उठा ना! मावशी आली! होडकं आपलं झालं! आणि वर बघा, वर, झाडाकडे! मावशी, डोळे उघडले त्यांनी. हसतायत. निघाले बघ झाडाकडे, गाठ सोडायला...

काळुराम : मालन, बाय माझी, त्याला सांग. गाठ पानी आल्यावर सोडायची.