बघत बसणारी पोरगी

हॅलो?… हां रेणुके, बोल… अगं मोठ्यानं बोल, हिकडं मळणी यंत्र चालू हाय… थांब, बांधावर जाते… हां, बोल आता. तुझ्याकडं शिवांगी बरी हाय ना माझी?

मॅडमनं बोलवलं? तुला?… कामून?

सारखी दुसऱ्या पोरांकडं बघत बसते?… हाव, मग?… मग चांगलंच हाय की! आभार मान मॅडमचे माझ्याकडून… काय? तक्रार हाय ही?… नकल करते? अगं, बघून करणं म्हंजे चोरी व्हय?

हो, हो… अगं ऐक ना… न्हाई, तू ऐक. आपल्याला भाकर कोणी शिकवली? माय कधी म्हणली, या पोरींनो, बसा, आता शिकवते?… चुलीपाशी बसून बघितलं अन् एक दिवस पिठाची काटवट पुढं ओढली. तुझी पहिली भाकर आपल्या बापानं खाल्ली का न्हाई?… जळकी होती, पण खाल्ली ना!

शहरात तसं नसतं, ठाऊक हाय मला… तिथं मॅडम ज्याला सांगतात त्यानंच ऐकायचं. अन् आपली शिवांगी, मॅडम शेजारच्या पोराला सांगताना कान टवकारून बसणार. डोळ्यापुढं दिसून राहिली मला.

तुझ्या शिवांशचं काय झालं?… बुटाची नाडी?… तू त्याला शिकवत होतीस अन् हिनं बांधली?… रेणुके, तिच्या पायात कधी नाडीचा बूट बघितलास का तू? चपलेवर आली ती लातूरला… तेच म्हणते मी!… शिवांश रडला, ते वाईट झालं. त्याला म्हणावं, मावशी शेंगदाण्याचे लाडू आणते.

काय?… वेगळं बसवलं?… भिंतीकडं तोंड करून?… अन् हे तू मला आत्ता सांगून राहिलीस?

न्हाई. अजिबात न्हाई… डॉक्टर कशाला? धड हाय माझी पोरगी… ह्यांना काय इचारायचं? हे म्हणतील, आणा परत गावाकडं. मला परत आणायची न्हाई. तिला शिकवायचीच हाय, अन् पोरांच्या मधोमध बसवून शिकवायची हाय… दे तिला फोन… दे म्हणते ना!

शिवांगी? माय माझी… जेवलीस?… वरण-भात? लई छान. आज शाळेत काय बघितलंस?… काहीच न्हाई?… मग काय केलंस दिवसभर?

…डोळे मिटून बसलीस?

मॅडमनं सांगितलं का तसं?… तुझं तूच?… मागं बघितलं की रागावतात म्हणून…

न्हाई गं, रडून न्हाई राहिले मी. धुरळा हाय हिकडं… ऐक माझं. डोळे उघडे ठेवायचे. मी उद्या नांदेडच्या पहिल्या गाडीनं निघते, तिथून लातूर… हाव, थेट शाळेतच येते. मी आले की तू माझ्याजवळ उभी राहा, अन् मी मॅडमशी कशी बोलते ते नीट बघून घे.

हां… दे मावशीला… रेणुके, ठेवते मी. पिशवी भरायची हाय.