प्रश्न क्रमांक त्र्याऐंशी

(मस्कत. शुक्रवार, सकाळी साडेनऊ. मराठी मंडळाचा सत्कार समारंभ सुरू व्हायचा आहे. हॉलच्या मागची खोली. रेखाच्या मोबाइलवर लोकसभेचं थेट प्रक्षेपण चालू; दिल्लीत अकरा वाजलेत.)

भिकाजी : वैनी, माका एक सांगा. सायब हंय बसान घावने खातहत, मगे थंय दिल्लीत उभो कोण रवतलो?

रेखा : हळू बोल, भिकाजी. दार उघडं आहे.

भिकाजी : हळूच बोलतंय. मी माझ्या हातान वाडलंय तेंका. तीन घावने खाल्ल्यानी, वर रस मागून घेतल्यानी. हो तोच मा, खासदार बाळकृष्ण आंगचेकर? काय तेचो जुळो भाव?

रेखा : तोच.

भिकाजी : मगे तुमीच सांगलात, आज संसदेत तो आमच्या कलावतीचो प्रश्न इचारतलो. मी भैणीक तसाच सांगलंय. मवालेच्या निवाऱ्यात मालकाघरसून पळान इलल्यो तेवीसय बायका सकाळपासून मोबाइल लावन बसल्यात. कोणी न्हेरी सुदिक करूक नाय.

रेखा : बस जरा. ते ताट ठेव खाली. चूक माझी आहे, आधी तेच सांगते. वीस वर्षं इथे काढली ना, शुक्रवार म्हटला की डोक्यात सुट्टी. मंडळाची सेक्रेटरी मी, हॉल बुक केला मी, सत्काराची तारीख दिली मी. दिल्लीत शुक्रवारी कामकाज चालतं, आणि परराष्ट्र खात्याचे प्रश्न नेमके शुक्रवारीच घेतात, हे माझ्या ध्यानीमनीही नाही. सोमवारी प्रश्नांची यादी आली आणि कपाळावर हात मारला मी.

भिकाजी : आणि तेंका म्हायत नव्हता? खासदारांक?

रेखा : त्यांना माहीत नसेल तर कुणाला? त्यांच्या पीएला, त्या रुचिरला, लगेच फोन लावला. म्हटलं, सत्कार रद्द करते, शाल-श्रीफळ काही पळून जात नाही, साहेबांना म्हणावं तिथेच थांबा. तर म्हणतो, मॅडम, डोन्ट वरी. साहेब शेजारच्या मतदारसंघातल्या खासदारांना सांगून ठेवतायत. ते उठून विनंती करतील, मंत्री उत्तर देतील.

भिकाजी : म्हणजे प्रश्न व्हतलो?

रेखा : झालाच पाहिजे. चिठ्ठ्या काढतात; आजची यादी एक्याऐंशीपासून आहे, त्यात तिसरा नंबर लागलाय आपला, त्र्याऐंशी. खालच्यांची पाळी तासाभरात येतही नाही. मंत्री बोलायला उभे राहिले की पुढचा प्रश्न विचारायचा: परक्या देशात खटल्यात अडकलेल्या बाईला तिची भाषा जाणणारा दुभाषी आणि वकील सरकार देणार का? सभागृहात मंत्री ‘देऊ’ म्हणाले की ते आश्वासन नोंदलं जातं, त्याचा पाठपुरावा होतो. त्या चार ओळींसाठी आठ महिने मी रुचिरच्या मागे लागलेय.

भिकाजी : दुभाषी असतो तर कलावतीन त्या कागदार सही केल्यानच नसती. मालक म्हणालो, पगाराचो कागद आसा. अरबी तिका काय कळताला? आणि थंय लिवलला, मी बांगडी चोरलंय. पाच म्हयने पगार देऊक नाय म्हणान ती घरातसून भायर पडली, आणि चोर तीच!

रेखा : आणि मंगळवारी इब्री गावच्या कोर्टात तारीख. थांब. थांब, ब्याऐंशी संपला.

भिकाजी : आवाज वाडवा.

रेखा : घेतलं. घेतलं नाव. ‘प्रश्न क्रमांक त्र्याऐंशी, श्री बाळकृष्ण आंगचेकर.’

भिकाजी : आता तो दुसरो उटतलो?

रेखा : उठेल. उठ ना रे बाबा! उठा ना कुणीतरी!

भिकाजी : वैनी, ते चौऱ्याऐंशी म्हणतहत.

रेखा : हो.

भिकाजी : आमचो नंबर परत येतलो मागे?

रेखा : नाही येत. गेला. चार सेकंद थांबले रे, फक्त चार. आठ महिने आणि चार सेकंद.

खासदार : अहो रेखाताई, इथे आहात होय! तुमचे अध्यक्ष गुरुदत्तराव अर्धा तास ‘हॅलो हॅलो माइक टेस्टिंग’ करतायत आणि इकडे आमच्या फेट्याला पिन सापडेना. बाकी घावने झकास हं. कुणाच्या हातचे?

भिकाजी : माझ्या.

खासदार : अरे व्वा! खंयचो रे तू?

भिकाजी : कणकवलीकडचो. तुमकाच मत दितंय. गेल्या खेपेक मुद्दाम रजा घेऊन गेललंय.

खासदार : शाब्बास! हीच आपली माणसं, ताई. परदेशात राहूनही मातीशी नाळ तोडत नाहीत.

रेखा : आंगचेकर साहेब, त्र्याऐंशी नंबर आत्ताच पुकारला. कुणीही उठलं नाही.

खासदार : हां, ते. लेखी उत्तर येतं हो. पटलावर ठेवतात. रुचिर तुम्हाला पीडीएफ पाठवेल.

रेखा : लेखी उत्तरात काय असतं ते मला पाठ आहे. ‘सरकार परिस्थितीवर लक्ष ठेवून आहे.’ कागदाला उलट प्रश्न विचारता येत नाही, साहेब. म्हणून तर तोंडी हवा होता. तुम्ही शेजारच्या खासदारांना सांगून ठेवणार होतात.

खासदार : सांगणार होतो. तोंडाशी आलं होतं. मग विचार केला, तुम्हीही विचार करा, दोन वर्षांवर निवडणूक. प्रश्न मी लावायचा, रक्त मी आटवायचं, आणि टीव्हीवर दिसायचं त्याने? गल्फमध्ये आपल्या तालुक्यातली किती माणसं आहेत, ठाऊक आहे ना तुम्हाला? उद्या तोच म्हणेल, मी आवाज उठवला.

रेखा : उठवू दे की! आवाज उठल्याशी मतलब.

खासदार : राजकारण एवढं सोपं असतं तर काय हवं होतं? आणि ताई, राग मानू नका, पण शुक्रवार कुणी दिला? आम्ही मागितला नव्हता.

रेखा : मी दिला. कबूल आहे. ती माझी चूक जन्मभर मला टोचेल. पण मला चुकून शुक्रवार पडला. तुम्ही जाणूनबुजून आलात.

खासदार : तुमच्या आग्रहाखातर आलो. आज दुपारी माझं खासगी विधेयकसुद्धा होतं. परदेशातल्या आपल्या लोकांना मोफत कायदेशीर मदत. तेही सोडून आलो. प्रेमापोटी.

रेखा : तेही सोडून! अहो, त्याच कामासाठी तर सत्कार आहे तुमचा. मानपत्र मीच लिहिलंय: ‘न्यायसुधारणेसाठी सभागृहात अहोरात्र झटणारे.’ लिहिताना खरंच वाटलं मला, म्हणजे मी तरी केवढी मूर्ख!

खासदार : चिडू नका. स्टेजवर जायचंय आपल्याला, चेहरा हसरा हवा. मला सांगा, त्या निवाऱ्यातल्या दोघी-तिघींना बोलावून घेता येईल का? मिसेसनी साड्या आणल्यात. माझ्या हातून दिल्या तर फोटो छान येतील.

रेखा : तुम्ही दुपारी तिथे जाणार होतात. निवारा बघायला. तेवीस बायका, तीन खोल्या, दोन न्हाणीघरं. डोळ्यांनी बघून बोलणार होतात.

खासदार : मवालेहला आता वेळ कुठला? मिसेसना मत्रहच्या बाजारातून लोबान घ्यायचंय. म्हणून तर म्हणतो, त्यांनाच इथे आणा.

भिकाजी : माझी भैण येवची नाय.

खासदार : काय?

भिकाजी : कलावती माझी भैण. त्या निवाऱ्यात आसा, अकरा म्हयने. ती साडयेक येवची नाय. तिच्याकडे साडी आसा.

खासदार : बरं, राहिलं. गैरसमज नको. ताई, हेच का ते मानपत्र? फ्रेम चांगली आहे. अरे! यात तारीख घातलीत?

रेखा : मानपत्रात तारीख असतेच. ‘शुक्रवार, सकाळी साडेनऊ, मस्कत.’ सुंदर अक्षरात लिहून घेतलीय, मंडळातल्या आमच्या सावनीकडून.

खासदार : अक्षर देखणं आहे. पण हे असं नको. सभागृहात माझं नाव पुकारलं त्याच वेळी इथे हार घालून घेत होतो, असं कुणीतरी छापायचं. बॅनरवर तारीख नाही, मी येतानाच बघून घेतलं. एवढी पट्टी चिकटवा वरून. शनिवार करा. फोटोही उद्याच टाकायला सांगा सगळ्यांना.

रेखा : बॅनर बघून घेतलंत. येता येता.

खासदार : सवय असते आम्हाला.

रेखा : शी! अहो, उष्ट्या पत्रावळी उचलताना येत नाही एवढी शिसारी येतेय मला. नाही करणार शनिवार. शुक्रवार आहे, शुक्रवारच राहील, आणि माइकवरून वाचीन मी.

भिकाजी : वैनी, रवा जरा.

रेखा : काय रवा? ऐकलंस ना तू?

भिकाजी : आयकलंय. पण मंगळवार माझ्या भैणीचो आसा, तुमचो नाय. करा शनिवार. व्हयो तर रयवार करा. माका पत्र घेऊन देवा तेंच्याकडना.

खासदार : कसलं पत्र?

रेखा : निवारा चालवणारे ट्रस्टवाले म्हणतात, वकील आणि दुभाषी आम्ही देतो, पण ज्या त्या बाईच्या खासदाराचं शिफारसपत्र आणा. फेब्रुवारीपासून मागतेय. रुचिर म्हणाला, साहेब एकेकाला पत्र देत नाहीत, मग रांग लागते.

खासदार : लागतेच. पण ही तर घरची मुलगी. लिहा मजकूर, लेटरहेड रुचिरच्या बॅगेत आहेत. ए रुचिर, एक कोरं लेटरहेड दे! घ्या, लिहा पटकन. जुम्म्याच्या नमाजाआधी कार्यक्रम आटपायचाय म्हणतात.

रेखा : भिकाजी, तुला खरंच हे असं हवंय?

भिकाजी : माका माझी भैण व्हयी. खयच्या हातान दिल्यानी ता मी बघूचंय नाय.

रेखा : ठीक. ‘कलावती, मुक्काम मवालेह निवारा, हिला इब्री येथील खटल्यात वकील व दुभाषी तातडीने मिळावा.’ झालं. करा सही.

खासदार : वर ठिकाण लिहा, नवी दिल्ली. तारीख कालची. गुरुवार.

रेखा : काल रात्री तुम्ही इथल्या विमानतळावर उतरलात. हार मी घातलाय.

खासदार : सकाळी होतो ना दिल्लीत? लिहा हो. कागदाला काय कळतंय? आणि ताई, ही एकच हं. बाकीच्या बावीस जणींना सांगू नका.

रेखा : लिहिलं. गुरुवार, नवी दिल्ली.

खासदार : ही घ्या सही. आणि पट्टी?

रेखा : चिकटवते.

खासदार : गुणाची बाई! चला, मी स्टेजवर जाऊन बसतो. मानपत्र तुम्हीच वाचणार ना?

रेखा : मंडळाची प्रथा आहे. सेक्रेटरी वाचते.

खासदार : मग या लवकर. अरे, पिन राहिलीच की!

भिकाजी : गेलो एकदाचो. वैनी, रागावलात?

रेखा : तुझ्यावर नाही रे. माझ्या हाताची किळस येतेय. तेवीस जणींचा प्रश्न होता. एकीचं पत्र मिळालं, तेही खोट्या तारखेचं, आणि ते मी माझ्या अक्षरात लिहिलं. धर, खिशात नीट ठेव. घामाने शाई फुटायची.

भिकाजी : कलावतीचो फोन येता. सातव्या टायमाक. काय सांगू?

रेखा : वकील मिळाला म्हणून सांग.

भिकाजी : हां, गे कलावती. व्हय गे. वकील गावलो तुका. मंगळवारी येतलो. दुभाषीय येतलो, व्हय. रडतंस कित्याक? रडा नको. काय? नाय, तुमका आयकाक इला नसतला, नेट गेला असतला. घेतल्यानी गे. तुझा नाव घेतल्यानी सायबान. भर संसदेत. रव, रव जरा. वैनी, तिना फोन स्पीकरवर टाकलेलो आसा. बाकीच्यो इचारतहत, आमची नावां घेतल्यानी काय?

रेखा : सगळ्या ऐकतायत?

भिकाजी : सगळ्यो. काय सांगू? आणि थंय गुरुदत्तभाऊ माइकवर तुमचा नाव पुकारतहत, मानपत्र वाचूक.

रेखा : पुकारू देत. चार सेकंद थांबतील, मग पुढे जातील. फोन दे इकडे.