बेचाळीस नंबरचा ससा

...आणि वर सोसायटीवाले मलाच विचारतात, "आजोबा, अर्ज तुमचाच होता ना?" होता हो! माझाच होता! पण अर्ज कुणाचा ते काय विचारता, कुणाबद्दल होता ते विचारा की!

तुम्हाला सांगतो, हे घर घेतलं ते बिल्डरच्या त्या माहितीपत्रकाला भुलून. "निसर्गाच्या कुशीत!" खाली गवत, गवतात ससा, कान टवकारून बसलेला. नातीनं त्याच्यावर बोट ठेवलं, "आजोबा, हा मला खराखुरा दाखवाल?" म्हटलं, "दाखवीन म्हणजे काय, खिडकीतून दाखवीन!" झालं, अडकलो. राहायला येऊन बघतो तर गवताच्या जागी फरशी, झाडांच्या जागी कुंड्या, आणि इमारतींची नावं काय, तर मोर, हरिण, ससा! जे जे इथून हाकललं त्याची त्याची पाटी लावून मोकळे! आम्ही बोलतोही तसंच... "मोराला पाणी आलं का?" "हरणाची लिफ्ट पुन्हा अडकली!" निसर्गाच्या कुशीत!

बरं, तीन वर्षं मागे लागून मला पार्किंग मिळालं. नंबर बेचाळीस, पार भिंतीकडेला. फरशी तिथंच संपलेली, त्यामुळे गुडघाभर गवत. गाडी बाहेर रस्त्यावर, आणि गवत माझ्या नावावर!

तर सोमवारी सकाळी वॉचमनचा फोन. "साहेब, तुमच्या पार्किंगात ससा येऊन बसलाय. पिल्लंपण आहेत दोन." माझं डोकंच फिरलं! एक तर सशातले लोक आधीच आगाऊ, कुठंही गाड्या लावतात, आता पोराबाळांसकट माझ्या जागेत? वॉचमनलाही झापला, "लोकांच्या मुलांना पिल्लं म्हणतोस? काही रीत आहे की नाही?" आणि फोन आपटला. आमची ही म्हणाली, "अहो, एकदा खाली जाऊन बघून तरी या." आता लिफ्ट बंद, गुडघे बंद, जातो कुठं? म्हटलं, "बघायचंय काय त्यात? सशातल्यांना मी चांगला ओळखतो!"

आणि बसलो अर्ज लिहायला. "ससा व त्याच्या कुटुंबीयांनी माझ्या जागेचा बेकायदा ताबा घेतला आहे. त्यांना ताबडतोब हटवून तिथे फरशी घालावी." छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली हो मी! दुसऱ्यांचे काने-मात्रे शोधून शोधून डोळे गेले, आणि स्वतःच्या अर्जात "ससा"पुढचे "इमारतीतील रहिवासी" हे दोन शब्द राहिले!

आमच्या न्हाणीघराचं छत दोन वर्षं गळतंय. त्यावर माझे सात अर्ज पडलेत, सेक्रेटरीनं एक उघडला असेल तर शपथ! पण हा? दोन तासांत खाली गवत कापायचं मशीन घरघरायला लागलं! मग सेक्रेटरीचा फोन, आवाजात नुसता लोण्याचा गोळा. "आजोबा, काम फत्ते! ससा हटवला!"

"हटवला म्हणजे? त्यांची गाडी काढली ना?"

"गाडी कसली? ससा हो, ससा!"

"म्हणजे... कानवाला?"

"मग? बिनकानाचा असतो का?"

म्हटलं, "आणि पिल्लं?"

"आई पळाली. पिल्लं खोक्यात घालून भिंतीपलीकडे सोडली. व्यवस्थित, हं!"

"भिंतीपलीकडे काय आहे?"

"आपला दुसरा टप्पा! खोदकाम जोरात चालू आहे."

जिने उतरून गेलो हो, त्याच गुडघ्यांनी! मशीन बंद झालं होतं, गवंडी फरशी ठोकत होता. भिंतीपलीकडे वाकून बघितलं तर हा एवढा खड्डा, त्यात रिकामं खोकं. पिल्लं कुठं गेली, आई परत आली का, कुणाला विचारणार? लाज वाटली हो, फार लाज वाटली. तीन वर्षं ज्याची वाट बघितली, तो माझ्याच दारात बाळंत झाला, आणि मी त्याला सहीनिशी हाकलला! निसर्गाच्या कुशीत!

रविवारी नात आली. खिडकीला नाक लावून उभी. "आजोबा, ससा कुठाय?"

आता काय सांगणार? दाखवला बोटानं. "तो बघ समोर. सात मजली."