आ करा, लेखकमहाशय

— नाही नाही, उठू नका, अजून सुरुवातच नाही. भूल चढायला थोडा वेळ लागतो. ओठ जड झाला? झाला. जीभ जाड वाटतेय? वाटणारच. आता निवांत आ करून पडा. तर मी काय म्हणत होतो — काकडी. तुमच्या गोष्टीतल्या दंतवैद्याचे हात 'फ्रीजमधल्या काकडीसारखे' आहेत. बरं, आहेत. एसीत दिवसभर उभं राहून दुसऱ्याच्या दाढा कोरणाऱ्याचे हात काय उबदार असणार? पण काकडीच का हो? बर्फ म्हणायचं, लोखंड म्हणायचं, त्याला काही वजन आहे. उपमेनं माणूस एका फटक्यात डोळ्यांसमोर उभा राहतो म्हणे. राहिला. गेल्या आठवड्यात एक बाई या खुर्चीत बसल्या, माझ्या हाताकडे बघितलं आणि तोंडावर रुमाल धरून हसत सुटल्या. दाढ किडलेली, गाल सुजलेला, आणि हसतायत.

मी रागावलोय असं वाटतंय तुम्हाला? छे. राग असता तर भूल दिली असती का? — अहो, गंमत केली, डोळे मोठे करू नका. ही नळी तोंडात राहू दे, लाळ ओढते ती. आणि सर्व पात्रं काल्पनिक आहेत, वाचलंय मी, खाली बारीक अक्षरांत छापलंय. दंतवैद्य काल्पनिक, त्याचं टक्कल काल्पनिक, डाव्या भुवईवरचा तीळ काल्पनिक. हा बघा तीळ. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

मी गोष्टीबिष्टी वाचत नाही, खरं सांगतो. वाचते आमची बायको. दर शनिवारी ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत तिचं वाचकमंडळ भरतं. पाच-सहा बायका आणि एक निवृत्त मास्तरीणबाई — सगळं खूळ त्या बाईंचं. त्या गोष्ट नुसती वाचत नाहीत, सोलतात. लेखकानं हे इथं का ठेवलं, तो शब्द तिथं पुन्हा का आणला. तुमची 'आ' त्यांनी मोठ्यानं वाचली. नाव तरी काय, एक अक्षर. तर आमची ही घरी आली, चपला काढल्या आणि मला म्हणाली, "गोष्टीत तुम्ही आहात, आणि मीही आहे." मी म्हटलं, तू कुठायस, बायको तर शेवटी दोन ओळींपुरती, बाकी सगळा दंतवैद्य, त्याचे पेशंट आणि बाहेरच्या टाकीतला मासा. ती म्हणाली, "तेच."

जरा जबडा सैल सोडा. आवाज होईल, दुखणार नाही. दुखलं तर हात वर करा.

आता तो मासा. लेखकमहाशय, मासा मासा असतो हो. पेशंटचा वेळ जावा म्हणून ठेवला. दोन होते, एक गेला, एक राहिला, एवढाच इतिहास. तुम्ही लिहिलंत की तो काचेला नाक लावून तोंड उघडतो, मिटतो, उघडतो, मिटतो आणि आवाज काही येत नाही. माशाचा आवाज यायचा कुठून? पण मास्तरीणबाई म्हणाल्या, ते प्रतीक आहे, मासा म्हणजे दंतवैद्याची बायको. सुतावरून स्वर्ग. आणि आमच्या हिला ते पटलं. त्या संध्याकाळी वरच्या घरातून इथं खाली आली, दिवा न लावता टाकीपुढे बसली. मी विचारलं, काय बघतेस, मासा बघतेस होय, बघ बघ, मन शांत होतं. आणि मी वर गेलो.

— हात कशाला वर केलात? दुखतंय? नाही दुखत, तिथं आता काही कळायचं नाही तुम्हाला. ठेवा खाली.

आता शेवट. दंतवैद्य घरी येतो, बायकोला विचारतो, "जेवलीस?" आणि ती तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणतो, "जेवली असशील." मग दिवा मालवतो. आणि तुम्ही तीन टिंबं देऊन मोकळे. तुम्हाला वाक्य सुचलं नाही का? मास्तरीणबाई म्हणतात, न सांगण्यातच सगळं सांगितलंय. मग सांगायचं कशाला, मी म्हणतो, कोरं पान छापा. त्यावर ही म्हणाली — अगदी हळू म्हणाली, मी पेपर वाचत होतो — "त्या तीन टिंबांत मी आहे." दुसऱ्या दिवशी थोरल्या बहिणीकडे गेली. चार दिवस जाऊन येते म्हणाली. ते चार दिवस कधीच संपले. आणि नेलं काय? कपडे मोजके, औषधं विसरली, आणि मासा नेला. बरणीत घालून, मांडीवर घेऊन, रिक्षात बसून. येताना बाहेर टाकी बघितलीत ना? पाणी आहे, बुडबुडे चालू आहेत, आत कुणी नाही. पंप बंद करायला दोनदा हात नेला, करवत नाही. आता कृपा करून याचं प्रतीक करू नका.

तोंड मिटू नका, थोडंच राहिलंय. तुम्ही लोक लेकी बोलता आणि सून घर सोडून जाते, हे तुमच्या लक्षात येत नाही. बरं, तक्रार करू कुणाकडे? आपलेच दात, आपलेच ओठ. मेव्हणीला फोन केला तर म्हणते, "तिला काय हवंय ते विचारा." विचारलं की. रोज फोन करतो, रोज विचारतो. बरी आहेस ना, बरीच असशील. राग गेला का, गेलाच असेल. रविवारी येतेस ना, ये, मी वाट बघतो — आणि ठेवतो फोन. ती नुसती 'हं' म्हणते. तुमच्या गोष्टीतला मासा निदान तोंड तरी उघडत होता.

माझं एक काम करा. पुस्तक येतंय ना तुमचं? त्यात शेवट बदला. दंतवैद्य बहिणीच्या दारात जातो, बेल वाजवतो, ती हसते, दोघं परत येतात, नवा मासा आणतात. पक्का शेवट, दाढेवर टोपी बसवल्यासारखा. तिनं वाचलं की येईल. तुमचं ऐकते ती. माझं — माझंही ऐकते, पंचवीस वर्षं ऐकतेच आहे.

पण मला एक सांगा. तीळ तुम्ही बघितलात, मासा बघितलात, इथंच आहेत. ते 'जेवलीस, जेवली असशील' तुम्हाला कळलं कुठून? आमच्या घरात तुम्ही कधी आला नाहीत. सांगितलं कुणी? तिनं? ती अनोळखी माणसाशी बोलत नाही. मग मेव्हणीनं? तिची-तुमची ओळख नाही. माझ्याकडे बोट काय करताय? मी? मी कधी — गेल्या वेळी? याच खुर्चीत? तुम्ही तोंड उघडून पडला होतात आणि मी —

थांबा. नळी काढतो. बोला.

नाही कळत, जीभ जड आहे तुमची. पेन? हे घ्या. त्या गळ्यातल्या कागदावर लिहा, तो टाकूनच द्यायचाय. मी तिला काय म्हणू ते लिहा. चांगलं, वजनदार वाक्य लिहा, काकडी नको. — हे काय? टिंबं? तीन टिंबं? अहो, मी उत्तर मागतोय आणि तुम्ही पुन्हा तेच —

अच्छा.

म्हणजे ही तिची जागा. मी विचारायचं, आणि मग इथं — हं. पंचवीस वर्षांत एवढं साधं कुणी — नको, तुम्ही काही बोलू नका. हा कापूस दाबून धरा. पडून राहा. फोन लावतो.

हॅलो. मी. नाही, पेशंट आहे खुर्चीत. असू दे, त्याला बोलता येत नाही. ऐक — जेवलीस?

...