झाकण फिक्स करू नका!

नाही, मला एक सांगा, उघडलं म्हणजे आलं का? जो तो मला तेच ऐकवतोय, "दौलतराव, तिकडे फाइल उघडली ना? मग झालं की!" अहो काय झालं? डबा उघडला म्हणजे जेवण झालं का?

तुम्हाला सांगतो, अंबरनाथला एमआयडीसीत आमचं वर्कशॉप, मालक भूपेशशेठ, उल्हासनगरचे, माणूस दिलदार पण धीर म्हणाल तर शून्य. आम्ही फरसाणवाल्यांची मशिनं बनवतो. आता हे जे मशीन आहे ना, चिवड्याला मसाला चोळायचं, मोठा ड्रम, वर झाकण, खाली मोटर, ते सगळं कॉम्प्युटरवर मी काढलंय, एकेक पार्ट, आणि एकेक पार्ट दुसऱ्याला नीट जोडलाय. हे मला कुणी शिकवलं नाही. बेलवलीच्या घरी व्हिडिओ बघून बघून शिकलो, बायको म्हणायची, "तो स्क्रू किती वेळ गोल गोल फिरवताय, चक्कर येते मला!" तर असं ते मशीन.

गिऱ्हाइकाचा कारखाना बदलापूरला, पण डिझाइनचं ऑफिस पुण्याला, आणि पुण्याचं सॉफ्टवेअर... वेगळं! असणारच! अट काय, तर मॉडेल त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये गेलं पाहिजे, साहेबांनी पास केलं पाहिजे, मगच आम्ही पत्रा कापायचा. भूपेशशेठ म्हणाले, "अरे साईं, सेव्ह ॲज मारो ना, एक बटन का काम है!" एक बटन! मारलं एक बटन. पुण्याहून किर्ती मॅडमचा फोन, "सर, ओपन झालं, पण सगळं मिळून एकच पार्ट दिसतोय." म्हणजे ड्रम, मोटर, नट, बोल्ट, सगळं एकात एक, साबुदाणा चिकटावा तसं! उघडलं होतं हो. पण उघडलं म्हणजे आलं का?

मग दोन्ही सॉफ्टवेअरना समजते अशी मधली एक फाइल असते, तिच्यातून पाठवलं. आता सगळे पार्ट सुटे गेले, जागच्या जागी गेले, पण त्यांची आपसातली जोडणी? ती नाही जात! लग्नाचा ग्रुप फोटो पाठवला तर सगळे दिसतात, पण कोण कुणाचा मेहुणा ते फोटोत येतं का? तसंच. झाकण दिसतंय झाकणाच्या जागी, पण ते बिजागरीवर फिरतं हे त्या झाकणालाच माहीत नाही! नावंसुद्धा गेली. मी मराठीत नावं दिली होती, तिकडे सगळे झाले सॉलिड एक, सॉलिड दोन, सॉलिड तीन... तुरुंगातल्या कैद्यांसारखे!

किर्ती मॅडम हुशार बाई, कामाला एकदम फास्ट. म्हणाल्या, "सर, झाकण लूज आहे, मी ते फिक्स करून टाकते. आणि वर मोकळी जागा आहे ना, तिथून केबलचा ट्रे नेते."

मी खुर्चीतून उठलोच! म्हटलं, "मॅडम, झाकण फिक्स करू नका! ट्रे तिथून नेलात तर ते उघडणार कसं?"

"सर, मॉडेलमध्ये तर बंदच आहे."

"मॉडेलमध्ये बंद आहे, पण गयाबाईला ते उघडायचंय!"

"गयाबाई कोण?"

आता गयाबाई कोण ते ऐका. बदलापूरच्या कारखान्यात जुनं मशीन बघायला गेलो होतो, तिथे ड्रम धुणारी बाई. जुनं झाकण अर्धंच उघडतं. मग ती आडवी होऊन खांद्यापर्यंत हात आत घालते, आणि बटणापाशी दुसरी बाई उभी करते, कुणी चालू करू नये म्हणून! मला म्हणाली, "भाऊ, नव्याला झाकण असं लावा, की डोकं घालून बघता येईल, माझा हात कुठं चाललाय ते." तिला शब्द दिलाय मी! आणि तो शब्द त्या मधल्या फाइलमध्ये गळून पडला, आणि मी गप्प बसू?

शेठ ओरडतायत, "दौलतराव साईं, खुल गया ना उधर? अभी काहे को माथा मारता है? मैडम को हाँ बोलो!" मी म्हटलं, शेठ, नाही बोलणार. दुसऱ्या कुणाला बसवा या खुर्चीत. झाकण उघडल्याशिवाय मॉडेल पास होणार नाही... उघडलं म्हणजे आलं का?

मग बसलो फोनवर. मी इथून सांगणार, त्या तिथे जोडणार. मॅडम म्हणाल्या, "सुरुवात कशापासून? पक्का बसलेला पहिला पार्ट कुठला?"

मी म्हटलं, "नारळ."

"...सर?"

अहो, हसताय काय? आमच्याकडे कुठल्याही मॉडेलचा पहिला पार्ट नारळ! भूपेशशेठचा नियम. नवीन मशीन, मग कॉम्प्युटरवर का असेना, आधी नारळ. मी शेंडीसकट काढलाय, तीन डोळ्यांचा, कोपऱ्यात ठेवलाय, आणि सगळी मापं तिथून. फ्रेम नारळापासून, ड्रम नारळापासून, बिजागरीचा दांडा नारळापासून! मॅडम म्हणाल्या, "म्हणजे सॉलिड एक म्हणजे नारळ? मला वाटलं मोटरचं काहीतरी आहे." पण जोडलं हो त्यांनी, सगळं जोडलं, आणि झाकण ओढलं तर... उघडलं! पूर्ण! मी इथे टाळ्या, त्या तिथे टाळ्या, ट्रे गेला मागच्या बाजूने.

लगेच व्हिडिओवर मीटिंग. त्यांचे विक्रांत साहेब, चष्मा कपाळावर. "हे कोपऱ्यात काय आहे? केसाळ?" आणि कुणी काही बोलायच्या आत... डिलीट! झालं! फ्रेम इकडे, ड्रम तिकडे, झाकण तर कर्जतच्या दिशेने निघालं! मी म्हटलं, "साहेब, सगळं त्याच्यावर उभं आहे. तो काढायचा तर मशीन घेऊ नका." शेठ मागून हात जोडतायत, मला की नारळाला देव जाणे! साहेबांनी अनडू मारलं, म्हणजे केलेलं मागे फिरवलं, मशीन जागेवर आलं. त्यांनी स्वतः झाकण उघडून बघितलं, एकदा, परत एकदा. मग म्हणाले, "राहू द्या तो. अप्रूव्ड."

जिंकलो! गयाबाईचं झाकण पास!

पण एकदा पास झालं की त्यातल्या प्रत्येक पार्टची यादी आपोआप त्यांच्या खरेदी खात्याकडे जाते. आणि नारळाला मी मटेरियल दिलंच नव्हतं. मटेरियल दिलं नाही की आमचं सॉफ्टवेअर पोलाद धरतं. तेवढं मात्र मधल्या फाइलमधून बरोब्बर गेलं बघा! आज सकाळी खरेदीवाल्यांचा फोन, "पोलादी नारळ, नग एक, ड्रॉइंग पाठवा, त्याशिवाय ऑर्डर निघणार नाही." समजावलं. "पास झालेल्या मॉडेलमधला पार्ट आम्हाला काढता येत नाही, सर." शेठना सांगितलं, तर शेठ खूश! "अरे वाह साईं, नारियल का भी ऑर्डर!"

काय करणार? काढलं ड्रॉइंग. शेंडीची जाडी दिली, डोळ्यांचे व्यास दिले, पॉलिश लिहिलं, आणि सूचनांच्या चौकटीत एकच ओळ टाकली... फोडू नये.